नाव टाळून जाणारी वाट

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागला की मला काही करावंसं वाटत नाही. तसं ते आताशा एरवीही वाटत नाही, पण मे अखेरीला निदान त्याला कारण मिळतं. सकाळचा चहा होतो न होतो तोच ऊन दारात येऊन बसतं आणि दिवेलागणीनंतरही उठायचं नाव घेत नाही. कुलरच्या ताट्यांवर पाणी पडायला लागतं, ओल्या गवताचा वास घरभर होतो, आणि तो वास आला की मी आमच्या पुलगावच्या जुन्या घरात असते. कालही तसंच झालं. कुलरसमोर बसून मोबाईल चाळत होते, तर तो म्हणाला, जागा भरली, जुनं काढून टाका. कुणाकुणाच्या सुप्रभाती, लग्नपत्रिका, एकाच नातवाचे शंभर फोटो. बोट टेकवलं की गेलं. दोन-चार काढले आणि कंटाळून फोन पालथा घातला. काढून टाकणं ही किती दमवणारी गोष्ट असते, हे मला एका जुन्या उन्हाळ्यात वहिनीकडून कळलं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरची पदविका करत होते आणि सुट्टीत घरी आले होते. कॉम्प्युटर शिकते म्हटल्यावर गल्लीतल्या बायका माझ्याकडे जरा सांभाळूनच बघायच्या, पोरगी हुशार आहे पण लग्नाचं काय, अशा नजरेनं. माझा मोठा भाऊ वसंत, माझा दादा, वर्ध्याला कापूस खरेदी करणाऱ्या एका सहकारी संस्थेत कारकून होता. रोज पॅसेंजरनं जायचा, पॅसेंजरनं यायचा. त्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकणारा पहिला माणूस दादाच. आणि आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि दादा गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलो आम्ही तिघी: माय, मी आणि कुसुमवहिनी.

संस्थेनं वहिनीला त्याच्या जागी घेतलं, पण कच्चं. वर्षाच्या आत कॉम्प्युटर शिकून परीक्षा द्यायची. पास झाली तर नोकरी पक्की, नाही तर नमस्कार. वहिनीचा भाऊ वडनेरचा, घरची शेती करणारा. तो येऊन सांगून गेला होता, की परीक्षा झाली की मी येतो, नापास झाली तर त्याच दिवशी बहिणीला घेऊन जातो. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरात तिच्यासाठी एक कोपरा होता, पण कोपराच. माय यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला मात्र वहिनी हवी होती. दादा गेल्यावर त्या घरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. नणंद-भावजयीचं कसं असावं याबद्दल जात्यावरच्या ओव्यांत जे भांडण सांगितलंय ते आमच्यात कधी जमलंच नाही. म्हणून मी ठरवलं, हिला शिकवायचं आणि पास करायचं. परीक्षा ऐन नवतपात ठेवली होती. ज्यानं ती ठेवली तो बहुतेक थंड खोलीत बसत असावा.

थंड खोली ऑफिसातही होती, पण कॉम्प्युटरसाठी. माणसं पंख्याखाली घाम गाळत आणि यंत्र एसीत. दाराबाहेर चपलांची रांग, आत गेल्यावर आधी यंत्राला नमस्कार, मग काम. पडद्याच्या वरच्या कडेला वाहिलेलं हळदकुंकू कुणी पुसलं नव्हतं. शिकणारी माणसं बरीच आणि पडदा एकच, त्यात वहिनी नवी आणि बाईमाणूस. तिची पाळी जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे डबा खात असताना. ऑफिसचे बडे बाबू वामनराव तेवढे तिच्यासाठी दार उघडून द्यायचे आणि स्वतः बाहेर बसून पोळी खायचे. "पीडब्ल्यूडी टाइप करा म्हन्ते हे, आपन कुठं हाओत ते पाहाले," ते मला एकदा म्हणाले. "तं मले वाटलं, बांधकाम खात्यालेच इचारून राह्यलं." हा विनोद ते प्रत्येकाला ऐकवायचे आणि प्रत्येक जण हसायचा.

म्हणून खरं शिकणं घरी झालं, यंत्राशिवाय. एक पाटी आणि सैपाकघरातले डबे. मी मोठ्यातला मोठा डबा खाली काढला, त्यात मधला ठेवला, मधल्यात मिसळणाचा डबा, त्यात वाट्या. म्हटलं, वहिनी, यंत्राच्या पोटात एवढंच असतं, डब्यात डबा. डब्याला म्हणायचं डिरेक्टरी, आणि वाटीतल्या हळद-तिखटाला म्हणायचं फाईल. सगळ्यात बाहेरच्या डब्याला नाव नाही, नुसती एक तिरपी रेघ.

"त्याले नाव काऊन नाई?" तिनं विचारलं.

"सगळं त्याच्याच पोटात आहे म्हणून."

"मंग देव झाला तो," ती म्हणाली, आणि विषय तिच्यापुरता संपला.

आत काय आहे ते बघायचं तर एलएस. आत शिरायचं तर सीडी आणि डब्याचं नाव. एक डबा बाहेर यायचं तर सीडी आणि दोन टिंबं. पत्त्याचेही दोन प्रकार. स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला सांगतो तो पूर्ण पत्ता, फाटकापासून गल्लीपर्यंत सगळा. आणि शेजारणीला सांगतो तो छोटा, हे काय, इथून दुसरं दार. वहिनीला दोन्ही कळले, पण वापरायची ती पहिलाच. शेजारच्या डब्यात जायचं असलं तरी पार तिरप्या रेघेपर्यंत वर जायची आणि मग पायरी पायरी खाली यायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "शीलाबाई, अंगणातून फिरून गेलेलं बरं. मधातूनच कोनाच्या घरातून कशी जाऊ?" सुनेचं चालणं होतं ते. सहा वर्षं आमच्या घरात ती अशीच वावरली होती, भिंतीच्या कडेकडेनं.

ती पाटीवर आज्ञा लिहायची आणि मी यंत्र व्हायचे. चुकली तर खाली उत्तर लिहायचे: असं काही नाही, असा डबा नाही. बरोबर असलं तर काहीच लिहायचं नाही, पाटी परत द्यायची. पहिले काही दिवस ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. "झालं का?" झालं. "मंग सांगत काऊन नाई?" मी सांगितलं, हे यंत्र असंच आहे, काम नीट झालं की गप्प बसतं, बोलतं ते फक्त चुकल्यावर. वहिनीनं ओसरीकडे पाहिलं. तिथं माय तुरीची डाळ पाखडत होती. "म्हंजे तुमच्या मायसारखं," ती हळूच म्हणाली, आणि दादा गेल्यावर आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो. मायनं सुपावरून मान वर केली, आम्ही गप्प झालो, तिनं मान पुन्हा खाली घातली.

त्या उन्हाळ्याचं काय काय आठवतं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर दादाचं जुनं धोतर. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. नळ यायचा तो पहाटे, तेव्हा वहिनी उठलेली असायची. पाणी, सैपाक, डबा, पॅसेंजर, ऑफिस, पॅसेंजर, सैपाक. संध्याकाळी ती पाटी घेऊन बसायची तेव्हा तिचे डोळे उघडे असायचे, एवढंच. मी नागपूरची शिकलेली, उत्साहानं फसफसलेली, आणि ती समोर कैरीचं पन्हं घेऊन बसलेली, एका हातानं माशी हाकलत. शिकणं ही उमेदीची गोष्ट असते असं सगळे सांगतात. मी जे शिकणं पाहिलंय त्यात उमेद नव्हती. पोटासाठी आणि राहत्या जागेसाठी एक बाई थकून थकून एकेक आज्ञा पाठ करत होती. आणि तरी तिला ती येत गेली. हे मला आजही नवल वाटतं.

अडलं ते एकाच ठिकाणी. यंत्रात प्रत्येक माणसाची एक डिरेक्टरी असते, त्याच्या नावानं. मी पाटीवर नमुना काढला तेव्हा सहज दादाचं नाव घातलं, कारण ऑफिसच्या यंत्रात ते होतंच. त्याचं वर्षश्राद्ध झालं होतं तरी त्याच्या नावाला तिथं कुणी हात लावला नव्हता. वामनराव म्हणायचे, राहू द्या वसंताचं. मी वहिनीला म्हटलं, हं, आता दादाच्या डिरेक्टरीत जा. तिनं सीडी लिहिलं आणि पेन्सिल थांबली.

"त्यायचं नाव लिहा लागते?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे, तोंडानंही नाही आणि कागदावरही नाही. रेशनकार्डावर, बँकेत, दवाखान्यात, जिथं जिथं ते लिहायची वेळ आली तिथं तिथं तिनं पेन माझ्याकडे किंवा मायकडे दिला होता. आमच्याकडे तेव्हा बहुतेक बायका तशाच होत्या. त्यात मोठेपणा नव्हता आणि कमीपणाही नव्हता, रीत होती. मी म्हटलं, अगं, आता तर... आणि जीभ चावली. ती म्हणाली, "आता तं आनखीनच नाई."

मग मी तिला चांदणी शिकवली. नावाची इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं, व्ही आणि ए, लिहायची आणि पुढे एक चांदणी काढायची; त्या अक्षरांनी सुरू होणारं जे असेल ते यंत्र स्वतःच ओळखतं. वहिनीचा चेहरा उजळला. एवढ्या सगळ्या आज्ञांमध्ये तिला मनापासून आवडलेली ही एकच. "चांगलं हाये वो," ती म्हणाली. "समजून घेते." त्या दिवसापासून ती पाटीवर दादाच्या डिरेक्टरीत निर्धास्त जायची, दोन अक्षरं आणि चांदणी, आणि मी काही न लिहिता पाटी परत करायची.

परीक्षेच्या दिवशी तिनं मला सोबत नेलं. पॅसेंजरच्या खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसत होता. नागपूरहून साहेब आले होते, सफारी घातलेले, मानेवर ओला रुमाल. वामनरावांनी मला आत भिंतीशी उभं राहू दिलं. चपला बाहेर काढल्यामुळे पायांना गार फरशी लागली आणि मला लाजिरवाणं बरं वाटलं. साहेबांनी एकेक सांगितलं आणि वहिनीनं एकेक केलं. नवी डिरेक्टरी बनव, फाईल उतरव, नाव बदल. तिची बोटं हळू होती, पण चुकत नव्हती. मी मनात म्हटलं, झालं, राहिली वहिनी.

मग साहेबांनी नावांची यादी पडद्यावर आणायला लावली आणि पेन्सिलीनं एका नावावर टिचकी मारली. "डिस्क भरत आली आहे. हे लॉगिन वर्षभर कोणी वापरलंच नाई. हे काढून टाका. सगळ्या डिरेक्टऱ्यांचे हक्क तुमाले दिले आहेत."

नाव दादाचं होतं. साहेबांना काही ठाऊक नव्हतं. वामनराव पुढे आले. "साहेब, ते राहू द्या ना. दुसरं काई सांगा."

"काऊन?"

वामनरावांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पडद्याकडेच बघत होती. "काढीन मी," ती म्हणाली.

तिनं सीडी लिहिलं, पत्ता लिहिला, दोन अक्षरं आणि चांदणी. यंत्र गप्प. म्हणजे झालं. पण तिला फिरून जायची सवय होती तशी विचारायचीही होती. पुढचं काही करायच्या आत तिनं पीडब्ल्यूडी लिहून आपण कुठं आहोत ते विचारलं. यंत्रानं उत्तर दिलं. पडद्यावर नाव वामनरावांचं होतं. त्यांची डिरेक्टरी त्याच आठवड्यात नवी उघडली होती, इंग्रजीत तिचीही पहिली दोन अक्षरं तीच, व्ही आणि ए, आणि यंत्रानं जे आधी सापडलं तिथं तिला नेऊन सोडलं होतं. तिथं तिनं काढून टाका म्हटलं असतं तर बडे बाबूंचं सगळं गेलं असतं, आणि नोकरीही.

ती दोन टिंबांनी बाहेर आली. हात मांडीवर ठेवून बसली. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "टाइम जाऊन राह्यला, बाई."

मग तिनं एक बोट उचललं. अक्षर शोधलं, दाबलं. पुढचं शोधलं. ती सगळी अक्षरं कुठं आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी प्रत्येक अक्षर ती नव्यानं शोधत होती. ओठ घट्ट मिटलेले होते. नाव पुरं झालं तेव्हा तिनं ते क्षणभर पाहिलं आणि मग पुढची कळ दाबली. आत गेली. पुन्हा विचारलं, कुठं आहे. या वेळी बरोबर होतं.

आत काय आहे हे बघायला मीही मान पुढे केली. काहीतरी असेल असं मला वाटलं होतं, काय ते सांगता येत नाही. काही नव्हतं. वडनेर, आंजी, पुलगाव, केंद्राकेंद्रांच्या कापसाच्या आवकीच्या फायली. माझा भाऊ तिथं काम करत होता, बस. मला रडू आलं ते यानंच.

वहिनी एकेक फाईल उचलून दुसरीकडे ठेवायला लागली. वडनेरची फाईल आता वडनेर बघतो त्या कारकुनाकडे, आंजीची आंजीवाल्याकडे. साहेब म्हणाले, "बाई, एका ओळीत जाते हे सगळं. एवढं लांबवता काऊन?"

"घरातलं मानूस गेलं की त्याचे कपडे आपन फेकतो का, साहेब?" ती वर न बघता म्हणाली. "ज्याच्या कामाचं त्याले देतो. मंग मोकळं करतो."

साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं आणि बहुधा तिथं त्यांना कळलं. नंतर त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. सगळ्या फायली गेल्या, डिरेक्टरी रिकामी झाली. ज्या डिरेक्टरीत आपण उभे आहोत ती मोडता येत नाही, आधी बाहेर यावं लागतं. ती बाहेर आली. मोडायची आज्ञा लिहिली आणि नाव दुसऱ्यांदा लिहिलं, या वेळी न थांबता. यंत्र गप्प. तिनं यादी मागवली. त्यात वामनराव होते, बाकी सगळे होते. वामनराव चष्मा पुसत होते.

साहेबांनी पास लिहिलं आणि दारापर्यंत आले. "मले मालूम नव्हतं, बाई." "तुमाले कसं मालूम असन," वहिनी म्हणाली आणि चपला घालायला वाकली.

परतीच्या गाडीत मी एकटीच बोलत होते. पास झालीस, पक्की झालीस, आता कुणाच्या बापाची भीती नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, नांगरलेली काळी शेतं आणि त्यांच्यावर थरथरणारी हवा. मग म्हणाली, "नाव लिहिलं वो म्या." मी म्हटलं, हो.

घरी अंगणात सडा टाकलेला होता आणि खाटेवर तिचा भाऊ बसला होता. पास झाल्याचं ऐकून त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तरी म्हणाला, "आता तं चांगलंच झालं. वडनेरहूनही बस हाये वर्ध्याले. घरीच राह्य."

तेव्हा माय बोलली. वर्षभर न बोललेली माय. "कुठं नेता तिले? इथंच राहीन ते. हे घर तिचं हाये."

हेच ऐकायला मी सगळा उन्हाळा घालवला होता. मी वहिनीकडे पाहिलं. ती ओट्यावर टेकून बसली होती, पदरानं मान पुसत.

"म्या वर्ध्यालेच खोली पाह्यली, माय," ती म्हणाली. "ऑफिसाजवळ. पास झाली तं घेईन म्हनून सांगून ठेवलं होतं."

भाऊ म्हणाला, "एकटी? लोक काय म्हन्तीन?" मला राग आला होता. मी जिला राहावी म्हणून शिकवलं ती जाण्यासाठी शिकत होती, आणि रोज माझ्यासमोर पाटी घेऊन बसताना हे तिला ठाऊक होतं.

"तुमी दोघंही मायेनं बोलून राह्यले," वहिनी म्हणाली. "पन थकली मी. थोडे दिवस मले कोनाची कोनी नसू द्या."

मायनं अंगणातली ओली माती पाहिली. मग विचारलं, "खोलीले खिडकी हाये का?"

"हाये."

"कोन्या अंगाले?"

"पूर्वेले."

"मंग दुपारची गार राहीन," माय म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.

रविवारी मी तिला पोचवायला गेले. राग गेला नव्हता, पण ट्रंक उचलायला कुणीतरी हवं होतं. खोली लहान होती, चुन्याचा वास येणारी. मी झाडलं, माठ भरला, स्टोव्ह कुठं ठेवायचा ते ठरवत बसले. तिच्याशी धड बोलत नव्हते. स्टोव्ह इथं ठेवू की तिथं, म्हणून वळून पाहिलं तर ती उघड्या फरशीवर, उशाला हात घेऊन, झोपली होती. भर दुपारी, तोंड जरासं उघडं, पदर सरकलेला. आमच्या घरात मी तिला कधी अशी झोपलेली पाहिली नव्हती. एक घर सोडल्यावाचून हिला झोप येणार नव्हती आणि ते घर माझं होतं, हे मला तिथं, स्टोव्ह हातात धरून, कळलं. खिडकी मी लोटून घेतली. मग कागदाचा एक पुठ्ठा सापडला, त्यानं तिला वारा घालत संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिले.